चहा एकत्र, भात वेगळा

फेब्रुवारी २०११. लालबागच्या एका चाळीत जनगणनेच्या बाईंमागून मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत फिरत होतो. बाई एरवी शाळेत शिकवणाऱ्या. नेहमी एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब, ही सरकारी व्याख्या त्या प्रत्येक दारात थोडक्यात उरकायच्या : “चुली किती?”

चुली कधीच गेल्या, ओट्यावर गॅस आला. शब्द तेवढा राहिला. चाळीला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. रेशनकार्ड वेगळं करायचं तर चूल वेगळी दाखवावी लागते, हे इथे पोरंही जाणतात.

सतराव्या शतकातल्या इंग्लंडात उलटा प्रकार होता. तिथे चूल लपवायचे. दुसऱ्या चार्ल्सच्या काळात, १६६२ साली, घरातल्या दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसला. मोजणारे थेट आत शिरत, म्हणून लोकांचा राग. कुणी चूल विटांनी बुजवूनही टाकी. १६६६ ची लंडनची आग जिथून पेटली, त्या पुडिंग लेनमधल्या बेकरीवाल्याच्या नावावर पाच चुली आणि एक भट्टी अशी नोंद आहे. १६८९ मध्ये हा कर गेला. याच चार्ल्सला लग्नात मुंबई आंदण मिळाली होती. १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर देऊन टाकली. दहा पौंड म्हणजे दोनशे शिलिंग, म्हणजे शंभर चुलींचा कर. तेवढ्या चुली या एका चाळीत निघाल्या असत्या!

शेवटून दुसरी खोली, दहा बाय बाराची. ओट्यावर दोन शेगड्या, मधे पिठाच्या डब्यांची हद्द. दोन भाऊ, दोन सुना, पोरं आणि आजी.

“आजी, स्वयंपाक एकत्र का?”

“चहा एकत्र. भात वेगळा.”

“मग तुम्ही जेवता कुणाकडे?”

“सकाळी हिच्याकडे, रात्री तिच्याकडे.”

बाईंचं पेन थांबलं. फॉर्मवर आजी अर्धी-अर्धी लिहिता येत नाही.

“रात्रीचं धरा,” धाकटी म्हणाली. “रात्री पोटभर जेवतात.”

थोरली काही बोलली नाही. फडकं घेऊन आधीच पुसलेला ओटा पुसू लागली.

“मी झोपते थोरल्याच्या कॉटखाली,” आजी म्हणाल्या. “ते लिवा.”

बाईंनी तेच धरलं. डब्यांच्या पलीकडून भांडं जरा जोरातच आपटलं.