डुकरामागे 17 डॉलर

एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या सू काउंटीची मोठी कोंडी झाली. काउंटी म्हणजे राज्याखालचा स्थानिक कारभाराचा घटक. इथली लोकसंख्या जेमतेम 36 हजार, पण डुकरे आणि गुरे पाळण्यात ही काउंटी राज्यात आघाडीवर. माल तयार होता, खाणारेही होते. मधले कत्तलखानेच बंद पडले. शेजारच्या राज्यातल्या सू फॉल्स शहरातला स्मिथफील्ड या मांस कंपनीचा कारखाना देशातल्या डुकराच्या मांसापैकी 4 ते 5 टक्के मांस पुरवत असे. कामगारांत कोरोना पसरल्याने तो बंद झाला आणि पाठोपाठ आयोवातल्याच वॉटर्लूचा टायसन कंपनीचाही. पोसून तयार झालेले डुक्कर गोदामात ठेवता येत नाही. ते रोज खाते, वाढते, आणि ठरावीक वजनापुढे कारखान्याच्या यंत्रणेला चालत नाही. मागून येणाऱ्या पिल्लांनाही शेडमध्ये जागा लागते. आयोवा आणि मिनेसोटात धडधाकट जनावरे मारून टाकण्याची वेळ आली.

केंद्र सरकारने 17 एप्रिलला 19 अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. त्यातले 16 अब्ज थेट शेतकऱ्यांना द्यायचे होते. 26 मेपासून स्थानिक कृषी कार्यालयांनी अर्ज घ्यायला सुरुवात केली. मदत डोकी मोजून ठरली: ठरावीक मुदतीत विकलेल्या मोठ्या डुकरामागे 18 डॉलर, लहानामागे 28, आणि शेडमध्ये असलेल्या प्रत्येक डुकरामागे 17. एका व्यक्तीला कमाल अडीच लाख डॉलर; तीन भागीदार प्रत्यक्ष राबत असतील तर कंपनीला साडेसात लाखांपर्यंत. माझा आक्षेप रकमेला नाही, या मोजपट्टीला आहे. ती मालाची मालकी मोजते, नुकसान मोजत नाही.

हे आयोवातल्या कुठल्याही शेडवर पडताळता येते. तिथे 2400 डुकरांचे शेड सर्रास दिसते. शेड शेतकऱ्याचे, त्यावरचे कर्ज त्याचे, वीज आणि मेहनत त्याची. पण करारावर संगोपन असेल तर डुकरे दुसऱ्याची. अशा शेडमधल्या जनावरांवर पात्र मालकाला 17 डॉलरप्रमाणे 40,800 डॉलर मिळू शकत होते. ती रोज सांभाळणाऱ्याला या पहिल्या योजनेत एक डॉलरही नव्हता. शेड रिकामे राहिले तरी बँकेचा हप्ता चुकत नव्हता. आपल्याकडे पीएम-किसानचे पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात आणि वाटेकरी कोरडा राहतो, तोच हा प्रकार.

यावर पहिले उत्तर घाईचे दिले जाते, आणि ते खोटे नाही. स्वतःच्या सहीने माहिती द्या, कागद नंतर तपासू, या पद्धतीमुळे पैसे लवकर पोचले. प्रत्येकाचे खरे नुकसान तपासत बसले असते तर मदत येईपर्यंत काही शेते विकली गेली असती. पण संगोपनाचा करारही कागदच आहे. त्यात जनावरांची संख्या आणि मोबदला लिहिलेला असतो. डोकी मोजणाऱ्या कार्यालयाला तो वाचणे अवघड नव्हते. दुसरा मुद्दा असा की ज्याची जनावरे जास्त त्याचा तोटा जास्त, म्हणून मदतही जास्त हवी. तोटा जास्त असतो हे मान्य. पण तो सोसण्याची ताकदही सहसा मोठ्याकडेच जास्त असते. डोकेमोजणीत ही ताकद कुठेच धरलेली नाही.

त्या वर्षी सर्व योजना मिळून सरकारने शेतकऱ्यांना थेट दिलेली रक्कम 45 अब्ज डॉलरच्या घरात गेली, म्हणजे देशाच्या निव्वळ शेतीउत्पन्नाच्या जवळपास निम्मी. तेव्हा तिजोरी रिकामी होती, असे म्हणायलाही जागा नाही. अखेर डिसेंबर 2020 च्या कायद्याने करारावर जनावरे आणि कोंबड्या वाढवणाऱ्यांसाठी 1 अब्ज डॉलरपर्यंत तरतूद झाली आणि बुडालेल्या उत्पन्नाच्या 80 टक्क्यांपर्यंत भरपाई मान्य झाली. म्हणजे कष्टकऱ्याचे नुकसान मोजता येत होते. ते मे महिन्यातच मोजायला हवे होते.