घरचा मिस्त्री – लेखांक ९ : पुरातून काढलेली गाडी

१७-१८ ऑगस्ट २०२५च्या रात्री शेजारच्या मुखेड तालुक्यात पाणी चढलं. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली पाण्याने वेढली गेली आणि माणसं काढायला लष्कर बोलवावं लागलं. आपल्या नायगाव तालुक्यालाही राहेरच्या बाजूला गोदावरी आहे, मधून मन्याड आहे. तेव्हा हा विषय पावसाळ्याआधीच वाचून ठेवलेला बरा. पुरात माणूस आणि जनावर आधी, गाडी मागून. पण पाणी ओसरलं की गाळाने माखलेली मोटारसायकल कोणीतरी उभी करतं आणि लगेच किक मारतं. पुराने जेवढं बिघडवलेलं नसतं, तेवढं ही एक किक बिघडवते.

कारण साधं आहे. पिस्टनच्या वर हवा असेल तर ती दबते, पाणी दबत नाही. सिलेंडरमध्ये पाणी असताना इंजिन जोरात फिरलं की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून किक नाही, सेल्फ नाही, धक्का स्टार्ट तर नाहीच. गाडी हलवायची ती न्यूट्रलमध्ये ढकलत. चावी काढा, बॅटरीची वायर सोडा.

धुण्याआधी मात्र मोबाइलवर फोटो काढा, नंबरप्लेट आणि गाळाची रेघ दिसेल असे. विमा असेल तर कंपनीला आधी कळवा. सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो पाहून बऱ्याच जणांना आपली गाडी सुरक्षित वाटते. पण थर्ड पार्टीत पुराचं नुकसान येत नाही, त्याला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा लागतो. आणि तो असला तरी पाण्यातलं इंजिन चालू करून रॉड वाकवला, तर कंपनी बोट त्या किककडेच दाखवते.

धुण्यात उशीर नको. आपला गाळ काळ्या मातीचा. ही माती ओली असताना फुगते, वाळली की आक्रसून दगडासारखी बसते. ओली असेतो बादलीभर पाण्याने सुटते, दोन दिवसांनी खरवडावी लागते. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप मात्र नको. तो माती काढत नाही, बेअरिंगमध्ये आणि वायरिंगच्या कपलरमध्ये आत ढकलतो.

मग प्लग काढा. किक हाताने हळूहळू खाली दाबा. प्लगच्या भोकातून पाणी पिचकारी मारत बाहेर येतं, तोंड बाजूला ठेवा. पाणी यायचं थांबलं की भोकात थोडं इंजिन ऑइल सोडून पुन्हा दोनदा दाबा. बाहेर काढल्यावर इंजिनाला हवा लागते आणि गंज तेव्हाच जोर धरतो. मिस्त्री दोन दिवस मिळणार नसेल तर एवढं तरी आज कराच.

खालचा नट सोडून ऑइल काढा. पाणी शिरलेलं असेल तर ते दुधाच्या चहासारखं येतं. जाळी धुवा, स्वस्तातलं ऑइल भरा. पेट्रोलची बाजू साफ झाल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटं नुसतं आयडलवर चालवून ते गरम असतानाच काढा. रंग पुन्हा चहाचा आला तर पुन्हा हेच. दोन-तीन वेळा ऑइल ओतून देताना जीव कळवळतो, पण इंजिनच्या कामाचं बिल त्याहून कितीतरी मोठं असतं.

पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करा. पाणी जड, ते तळाशी बसतं. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं; पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली उतरतं. वरचं पेट्रोल गाळून घेतलं तरी ते पहिलं राहत नाही. कार्बोरेटरचा खालचा स्क्रू सोडून तोही रिकामा करा. कागदी एअर फिल्टर भिजला की फेका. २०२०नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सर आणि कॉम्प्युटर आले; त्यांचे कपलर उघडून सावलीत वाळवा, पुढचं मिस्त्रीवर सोडा.

चाकांकडे फारसं कोणी बघत नाही. अॅक्सल काढून ड्रम उघडा. लायनरवर काळा लेप बसलेला दिसेल. तो पाण्याने धुवा, पॉलिश पेपरने लायनर घासा. डिझेलचा हात तिथे लावू नका, ब्रेक लागणारच नाही. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. खरखर लागली की ते बदलायचं, ग्रीस भरून वेळ मारून न्यायची नाही.

स्कूटी पट्ट्यावर चालते. पट्ट्याच्या डब्यात पाणी साचलं की इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. डबा उघडून पट्टा आणि पुली कोरड्या पुसायच्या.

ट्रॅक्टरचं काम मोठं. डिझेल इंजिनात दाब पेट्रोलपेक्षा जास्त, म्हणून रॉडला धोकाही जास्त. इंजेक्टर काढल्याशिवाय इंजिन फिरवू नका, आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने टोचन करून गिअरमध्ये चालू करायचा आपल्याकडचा लाडका उपाय तर विसराच. गिअरबॉक्स, हायड्रोलिक आणि मागच्या धुऱ्याचं ऑइलही तपासायचं. ब्रीदरमधून पाणी तिथेही पोचतं. ऑइल बाथ एअर क्लीनरची वाटी काढाल तेव्हा तळाशी गाळाचा थर सापडेल.

पुढच्या आठवड्यात : पुरात बुडालेली विहिरीवरची मोटार आणि स्टार्टर