पंप सुरू होताच दिवे का मंदावतात?

पाण्याचा पंप, फ्रीज किंवा एसी सुरू होताना घरातले दिवे क्षणभर मंदावतात. कारण मोटरमध्ये आहे. मोटर फिरू लागली की तिच्यातच पुरवठ्याला विरोध करणारा विद्युतदाब तयार होतो आणि करंट आटोक्यात राहतो. थांबलेल्या मोटरमध्ये हा विरोध नसतो, म्हणून पहिल्या क्षणी ती नेहमीच्या साधारण पाच ते सात पट करंट ओढते.

हा करंट घरातल्या वायरीतून येतो आणि वायरीला स्वतःचा रोध असतो. मीटरपासून 20 मीटरवर पंप आहे आणि वायर 2.5 चौरस मिलिमीटरची, तांब्याची आहे, असे धरू. जाऊन-येऊन 40 मीटर वायरीचा रोध सुमारे 0.3 ओहम भरतो. सुरू होताना 35 अँपिअर करंट वाहिला, तर वाटेतच सुमारे 10 व्होल्ट खर्ची पडतात आणि त्याच वायरीवरच्या दिव्याला 230 ऐवजी 220 व्होल्ट मिळतात. पंपाने वेग घेतला की करंट 6 अँपिअरवर येतो आणि घट दोन व्होल्टांपेक्षाही कमी उरते.

जुन्या तारेच्या बल्बमध्ये हा फरक ठळक दिसतो. दाब 10 टक्के घटला, तर त्याचा प्रकाश सुमारे 30 टक्के कमी होतो. चांगल्या एलईडीतला ड्रायव्हर करंट स्थिर ठेवतो, त्यामुळे तो फारसा मंदावत नाही. इन्व्हर्टर एसीची मोटर हळूहळू वेग घेते, म्हणून तिथे झटका बसत नाही. गीझरमध्ये मोटर नसते. त्याच्यामुळे दाब उतरलाच, तर गीझर चालू असेपर्यंत उतरलेलाच राहतो.

दोष कुठे आहे, हे दिव्यांवरून ताडता येते. एकाच खोलीतले दिवे मंदावले, तर त्या वायरीवर भार जास्त आहे. घरभर मंदावले, तर मुख्य वायर किंवा मीटरजवळचे जोड तपासावेत. शेजारीही तसेच होत असेल, तर ट्रान्सफॉर्मर किंवा बाहेरची लाइन पाहावी लागते.

क्षणभराची लुकलुक बहुधा निरुपद्रवी असते. ती वाढत गेली, स्विचबोर्ड तापला किंवा जळका वास आला, तर जोड सैल झाल्याची शक्यता असते. थ्री-फेज जोडणीत काही दिवे मंद आणि काही जास्त प्रखर झाले, तर न्यूट्रल सुटल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे.