मूत्रपिंडावरचा तिकोणा
शरीराचे कारभारी : लेखांक ६

कामशेतहून पवनेच्या खोऱ्यात उतरले की एक टोकदार डोंगर लांबूनच ओळखू येतो. त्याच्या आकारावरून गडाला तिकोणा म्हणतात आणि पायथ्याच्या गावाला तिकोणा पेठ. गड तसा लहान. पण तुंग, लोहगड आणि विसापूर यांच्या जोडीने त्याने पवन मावळावर शतकानुशतके नजर ठेवली.

माणसाच्या पोटातही असा एक तिकोणा आहे. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक अधिवृक्क ग्रंथी बसलेली असते. उजवीकडची तिकोनी टोपीसारखी, डावीकडची चंद्रकोरीसारखी. प्रत्येकीचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. डॉक्टर तिला ‘ॲड्रिनल’ म्हणतात. रक्तदाब, साखर, मीठ-पाणी आणि संकटाच्या वेळची धावपळ या सगळ्यांवर तिचा अंमल चालतो.

पावसाळ्यात तिकोण्याच्या शेवटच्या टप्प्यातील उभ्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात. तिथे एखाद्याचा पाय घसरतो, हात भिंतीकडे झेपावतो आणि तोल सावरतो. काय झाले हे कळायच्या आत छाती धडधडू लागलेली असते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, श्वासनलिका रुंदावलेल्या असतात आणि यकृताने साठवलेली साखर रक्तात सोडलेली असते. हे काम ग्रंथीच्या गाभ्यातून सुटलेल्या ॲड्रिनालिनचे. त्याचा जोर काही मिनिटांतच ओसरतो. घसरलेला माणूस माथ्यावरच्या महादेवाच्या देवळापाशी टेकेपर्यंत नाडी पुन्हा ठिकाणावर आलेली असते.

गाभ्याभोवती ग्रंथीचे कवच असते आणि त्याचे तीन थर असतात. बाहेरचा थर अल्डोस्टेरॉन बनवतो. ते शरीरात मीठ धरून ठेवते. मधला कॉर्टिसॉल बनवतो, तर आतला पुरुषी गुणांची संप्रेरके. कॉर्टिसॉलला दिवसाचा ताल असतो. पहाटे ते चढू लागते, सकाळी शिखरावर असते आणि मध्यरात्री तळाला जाते. भातलावणीच्या दिवसांत मावळातला शेतकरी उजाडायच्या आत उठतो, तेव्हा त्याच्या रक्तातले कॉर्टिसॉल त्याच्या आधीच कामाला लागलेले असते.

वेळेवर येणे आणि वेळेवर परत जाणे हीच या संप्रेरकांची शिस्त आहे. ती परत जायचे विसरली की आजार सुरू होतो.

ही ग्रंथी निकामी झाली तर माणूस खंगत जातो, हे लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये दाखवून दिले होते. कॉर्टिसॉलच्या अतिरेकाचे चित्र हाती यायला त्यानंतर अर्धे शतक उलटले. १९१२ मध्ये अमेरिकेतील मेंदूशल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी २३ वर्षांच्या एका तरुणीची नोंद प्रसिद्ध केली. तिचे पोट सुटले होते, पाळी बंद झाली होती आणि अंगावर लव वाढली होती. पुढे या अवस्थेला कुशिंग यांचेच नाव मिळाले.

कॉर्टिसॉलचा हा अतिरेक आपल्याकडे ओळखू येत नाही, याला आपली नजरही जबाबदार आहे. चेहरा गोल होतो, गालांवर लाली येते, पोट वाढते, मानेमागे चरबीचा उंचवटा येतो, आणि भेटणारे म्हणतात, “तब्येत सुधारली हो!” प्रत्यक्षात दंड आणि मांड्या बारीक होत असतात. उकिडवे बसलेल्या माणसाला हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही. पोटावर रुंद, जांभळट चट्टे उमटतात, जरा कुठे आपटले की काळे-निळे डाग पडतात. साखर आणि बीपी दोन्ही वाढतात, हाडे ठिसूळ होतात. साध्या लठ्ठपणात कातडी अशी पातळ होत नाही आणि मांड्यांतली ताकदही अशी जात नाही. हा फरक घरच्यांच्या लक्षात आला तर काही वर्षे वाचतात.

तपास अवघड नाही. रात्री अकराच्या सुमारास कॉर्टिसॉलसारखे काम करणाऱ्या डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी देतात आणि सकाळी आठला रक्तातले कॉर्टिसॉल मोजतात. निरोगी ग्रंथी बाहेरून आलेला माल पाहून आपले उत्पादन थांबवते, बिघडलेली थांबवत नाही. शरीरातच उद्भवलेल्या या आजारात दहापैकी सुमारे सात जणांचा दोष मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतील छोट्या गाठीत सापडतो. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांची गाठ अधिवृक्क ग्रंथीतच असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या अंतःस्रावशास्त्र विभागाने डॉ. नलिनी शाह यांच्या नेतृत्वाखाली अशा रुग्णांवर मोठे काम केले आहे.

अल्डोस्टेरॉन वाढले तर बाहेरून काहीच दिसत नाही. फक्त बीपी चढते आणि तीन-तीन गोळ्यांनाही दाद देत नाही. कधी पोटॅशियम घटून पायांत गोळे येतात. १९५५ मध्ये अमेरिकेतील जेरोम कॉन यांनी या आजाराची मांडणी केली. तेव्हा तो दुर्मिळ वाटला होता. आता बीपीच्या दर शंभर रुग्णांत पाच ते दहा जणांना तो असतो, असे मानले जाते. अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांच्या प्रमाणाची रक्तचाचणी तो दाखवून देते. दोष एकाच ग्रंथीत असेल तर शस्त्रक्रियेने बीपी खूप सुधारते, कधी पूर्ण आटोक्यातही येते.

गाभ्यातली गाठ दुर्मिळ, पण घातकी असते. तिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. डोके फुटेल असे दुखणे, घामाने भिजणे आणि धडधड यांचे झटके येतात आणि जातात. तपासायला जावे तोवर बीपी उतरलेले असते, आणि “टेन्शन घेऊ नका” एवढ्यावर रुग्णाची बोळवण होते. रक्तातील किंवा चोवीस तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिन मोजले की ही गाठ उघडी पडते. शस्त्रक्रियेआधी काही दिवस प्राझोसिनसारखी औषधे देऊन रक्तवाहिन्या सैल कराव्याच लागतात. तयारीविना गाठीला हात लावला तर रक्तदाब जीवघेणा उसळू शकतो.

या ग्रंथीच्या बिघाडाचा चौथा प्रकार जन्मापासूनचा. एक विकर कमी पडल्याने कॉर्टिसॉल बनत नाही आणि कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. मुलीच्या जननेंद्रियांची ठेवण मुलासारखी दिसू शकते. अनेक बाळांच्या शरीरातून मीठ निघून जाते, आणि उपचार न मिळाल्यास ती पहिल्या काही आठवड्यांत दगावतात. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर हे कळते. गोव्यात सरकारी पातळीवर नवजात बालकांची अशी रक्ततपासणी २००८ मध्ये सुरू झाली. ती प्रत्येक बाळाच्या वाट्याला यायला हवी.

मात्र कॉर्टिसॉलच्या अतिरेकाचे सर्वांत मोठे कारण गाठ नाही, औषध आहे. १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका महिलेला कॉर्टिसोन दिले, आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळाले. तेव्हापासून कॉर्टिसोनसारख्या स्टिरॉइडांनी असंख्य जीव वाचवले आहेत. तीच औषधे गुडघेदुखीच्या किंवा दम्याच्या बिननावाच्या पुडीत मिसळली जातात, नायट्याच्या आणि गोरेपणाच्या मलमातून महिनोन् महिने चोळली जातात. अशी १४ स्टिरॉइड मलमे चिठ्ठीविना विकू नयेत, असा नियम केंद्राने २०१८ मध्ये केला.

करोनाकाळात महाराष्ट्राने स्टिरॉइडांच्या अशा गैरवापराची फार मोठी किंमत मोजली. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने घटतात, हे जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना फायदा नाही, हेही त्याच चाचणीने सांगितले होते. तरी २०२१ च्या दुसऱ्या लाटेत साध्या तापावर या गोळ्या घेतल्या गेल्या, साखरेचे भान राहिले नाही, आणि म्युकरमायकोसिसने लोकांचे डोळे आणि जबडे नेले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडांचा अविचारी वापर ही त्यामागची प्रमुख कारणे असल्याचे डॉक्टर सांगत होते.

बाहेरून आयता माल मिळत राहिला की अधिवृक्क ग्रंथी आक्रसते, काम विसरते. म्हणून अनेक आठवडे घेतलेले स्टिरॉइड एकाएकी सोडले तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइड घाबरून बंद करू नका, ते टप्प्याटप्प्याने डॉक्टरांनाच कमी करू द्या. आणि आजच घरातल्या औषधांच्या डब्यातली पाकिटे व मलमांच्या नळ्या काढून नावे वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखे ‘सोन’ किंवा ‘लोन’ने संपणारे नाव दिसले, तर ते कोणी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी दिले होते, हे डॉक्टरांना विचारा. बिननावाची पुडी असेल, तर पुढच्या भेटीला ती सोबत न्या.

(पुढील आठवड्यात : स्वादुपिंड)