ट्रक दारात येण्याआधी

दोन बेडरूमच्या घरातलं सामान बांधायला चार सराईत माणसांना साधारण अर्धा दिवस पुरतो. एक जण खाकी पुठ्ठ्याचा रोल कपाटाभोवती फिरवतो, दुसरा मागोमाग टेप ओढत येतो, तिसरा स्वयंपाकघरात बसकण मारून बशा एकेक कागदात गुंडाळून खोक्यात उभ्या लावतो. आडव्या रचलेल्या बशा खड्ड्यात गाडी आदळली की एकमेकींच्या भाराने फुटतात, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. या कामाचा वेग एका साध्या नियमावर चालतो : समोर दिसेल ते बांधायचं. म्हणून कचऱ्याचा डबा कचऱ्यासकट बांधला जातो, फरशी पुसायचं ओलं फडकं चादरींच्या खोक्यात जातं आणि नव्या घराची किल्ली ट्रकमधल्या कुठल्या तरी खोक्यात बसून प्रवास करते. यात त्या माणसांचा दोष नाही. काय न्यायचं, काय टाकायचं आणि काय हाताशी ठेवायचं हे ठरवणं घरच्यांचं काम. ते माणसं दारात येण्याआधी उरकलेलं असलं, तरच पॅकर्सना दिलेले पैसे सार्थकी लागतात.

पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांच्या वाट्याला हा प्रसंग वरचेवर येतो. अकरा महिन्यांचा करार संपतो, मालक भाडं वाढवतो किंवा ऑफिस दुसऱ्या टोकाला जातं. त्यात सगळ्यांच्या तारखा एकाच वेळी जुळतात. महिन्याची अखेर, एक तारीख, शनिवार-रविवार आणि शाळा सुरू होण्याआधीचे मे-जूनचे आठवडे यांवर सगळ्यांचीच उडी पडते आणि दरही चढतात. तुमची तारीख थोडी मागेपुढे होण्यासारखी असेल, तर महिन्याच्या मधला कामाचा दिवस निवडा. दरही बरा मिळतो आणि सोसायटीची लिफ्टही. पावसाळ्यात जाणार असाल तर ताडपत्री टाकलेला उघडा ट्रक घेऊ नका, बंद कंटेनरचीच गाडी मागा आणि तसं लिहून घ्या.

दर कशावर ठरतो

फोनवर ‘टू बीएचके आहे’ एवढंच सांगून मिळालेला आकडा हा निव्वळ अंदाज असतो. कंपनीच्या माणसाला घरी बोलवा किंवा व्हिडिओ कॉलवर घर दाखवा. दाखवताना हात आखडता घेऊ नका. माळा, बाल्कनी, पलंगाखालचे कप्पे, पार्किंगमध्ये उभी सायकल, पोटमाळ्यावरची लोखंडी ट्रंक हे सगळं दिसू द्या. न दाखवलेल्या सामानावरूनच ऐन वेळी ‘मॅडम, हे धरलं नव्हतं’ सुरू होतं. दोन्हीकडचा मजला, लिफ्ट आहे की नाही, तिच्यात पलंगाची फळी उभी मावते का आणि ट्रक लिफ्टपासून किती लांब उभा राहणार, हेही सांगा. पेठांमधल्या बोळात किंवा जुन्या चाळीत मोठी गाडी शिरत नाही, मग सामान छोट्या टेम्पोने मुख्य रस्त्यापर्यंत काढावं लागतं. त्याचे पैसे वेगळे.

गाडीचा आकार नीट विचारून घ्या. एका खोलीचं बेताचं सामान ‘छोटा हत्ती’मध्ये बसतं, दोन बेडरूमच्या भरल्या घराला बहुधा चौदा फुटी गाडी लागते, त्याहून मोठ्या घराला सतरा किंवा एकोणीस फुटी. पुण्याहून नागपूर किंवा बेंगळुरूसारख्या लांबच्या प्रवासाला ‘पार्ट लोड’ स्वस्त पडतो, म्हणजे एकाच ट्रकमध्ये दोन-तीन घरांचं सामान. पण त्यात वाटेत गोदामात चढ-उतार होते आणि दिवसही जास्त लागतात. तिथे खोक्यांवरच्या नंबरांना पर्याय नाही.

अंदाजपत्रक लेखी हवं. पॅकिंगचं साहित्य, चढवणं-उतरवणं, पलंग सोडून पुन्हा जोडणं, टोल, मजल्याचे पैसे आणि जीएसटी यांतलं काय धरलं आहे आणि काय नाही, हे ओळीओळीने दिसलं पाहिजे. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. महाराष्ट्रात नोंदलेल्या कंपनीचा २७ ने सुरू होतो, गोव्यातल्या कंपनीचा ३० ने. तो सरकारी संकेतस्थळावर टाकला की कंपनीचं खरं नाव आणि पत्ता समोर येतो. या धंद्यात नावाजलेल्या कंपन्यांशी मिळतीजुळती नावं घेऊन बसलेले पुष्कळ आहेत, त्यामुळे ही दोन मिनिटं वाचवू नका. सगळ्यात स्वस्त आकडा सांगून निम्म्याहून अधिक रक्कम आगाऊ मागणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं. सामान एकदा ट्रकमध्ये चढलं की घासाघीस करण्याची ताकद त्याच्या हातात जाते.

बिल्टीवरचा एक रकाना

रस्त्यावरच्या मालवाहतुकीला आपल्याकडे स्वतंत्र कायदा आहे. १८६५ चा ब्रिटिशकालीन कायदा जाऊन २००७ चा ‘कॅरेज बाय रोड’ कायदा आला आणि तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. मालवाहतूकदाराने नोंदणी केलेली असावी आणि माल घेतल्याची पावती, म्हणजे आपली बिल्टी, द्यावी असं तो सांगतो. घरच्या सामानाच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाची तरतूद मात्र भरपाईची आहे. सामान हरवलं किंवा मोडलं, तर वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंत असते आणि तीही तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या पुढे जात नाही.

याचा अर्थ हिशेबात पाहा. भाडं १५,००० रुपये असेल तर कमाल मर्यादा दीड लाखाची. पण सामानाची किंमत लिहायच्या रकान्यात त्या माणसाने घाईने ‘५०,०००’ लिहिलं आणि तुम्ही खाली सही केली, तर तुमची मर्यादा पन्नास हजारांवर आली. टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन मिळूनच तेवढे होतात. म्हणून हा रकाना स्वतःच्या हाताने भरा. सामानाची किंमत या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर वाढीव जोखमीचा दर देऊन ती लिहून घेता येते. दावा करायची वेळ आली, तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवर केलेली भांडणं त्यात धरत नाहीत.

अंदाजपत्रकात ‘इन्शुरन्स ३ टक्के’ अशी एक ओळ पुष्कळदा असते. तेवढ्यावर विसंबू नका. विमा कंपनीचं नाव, पॉलिसीचा क्रमांक आणि तुमच्या सामानाचा उल्लेख असलेला कागद मागा. नसेल, तर ती रक्कम विम्याची नव्हे, नुसतीच कंपनीच्या खिशातली. असेल, तर फक्त आग आणि अपघात धरले आहेत की हाताळताना झालेली मोडतोडही, हे विचारा. आपण स्वतः बांधलेल्या खोक्यातली फूट बहुतेक वेळा विम्यात बसत नाही, त्यामुळे काचसामान त्यांच्याकडूनच बांधून घ्या. दागिने, रोकड आणि मूळ कागदपत्रं मात्र कोणत्याही खोक्यात घालू नका, ती तुमच्याबरोबरच जातील.

राज्याबाहेर जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलाची गरज नाही. तरी वाटेत गाडी अडवली तर दाखवायला वस्तूंची सही केलेली यादी ट्रकमध्ये असू द्या. खोकंही न उघडलेली नवी वस्तू असेल तर तिचं बिलही सोबत द्या.

आठ दिवस आधीची कामं

पहिलं काम काढून टाकण्याचं. ट्रकमध्ये वजनापेक्षा जागा जास्त महाग असते, आणि रिकामं प्लॅस्टिकचं पिंपही तेवढीच जागा अडवतं. रद्दी, मुदत संपलेली औषधं, झाकण नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणं इथेच राहू द्या. लोणचं, तेल आणि तूप संपवत आणा. उरलंच तर घट्ट बंद करून आपल्या गाडीत पायाशी ठेवा. कपड्यांच्या खोक्यात फुटलेली लोणच्याची बरणी वर्षभर आठवण देत राहते.

दुसरं काम यंत्रांचं, आणि इथे बहुतेक जण गाफील असतात. समोरून दार उघडणारी वॉशिंग मशीन नवी आली तेव्हा मेकॅनिकने तिच्या पाठीमागून लांब बोल्ट काढून दिले होते. ते ट्रान्झिट बोल्ट. मशीनचा जड ड्रम आत स्प्रिंगवर लोंबकळत असतो, कपडे पिळताना हलता यावा म्हणून. ट्रकच्या धक्क्यांत तोच ड्रम चहूबाजूंनी आपटतो आणि मशीन बाहेरून धडधाकट दिसत असूनही आतून निकामी होते. बोल्ट शोधून ठेवा आणि नेण्याआधी पुन्हा बसवून घ्या. नव्या घरी मशीन सुरू करण्याआधी ते आठवणीने काढायचे.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून रिकामा करा, बर्फ वितळू द्या, कोरडा पुसा. तो उभाच न्यायचा. वाटेत आडवा झालाच, तर उतरवल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा. एसी काढायला वेगळा मेकॅनिक लागतो. आतला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून मग नळ्या सोडाव्या लागतात आणि त्यासाठी एसी चालू असावा लागतो. म्हणजे हे काम वीज तोडण्याआधीचं. गिझर आणि पाण्याच्या फिल्टरसाठीही प्लंबर आधीच सांगून ठेवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत ॲसिड असतं, ती उभीच राहिली पाहिजे. भरलेला गॅस सिलिंडर सामानाच्या ट्रकमध्ये चढवायचा नाही. गाव बदलत असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून अनामत परत घ्या आणि जोडणी हस्तांतराचा कागद मागून घ्या. पाइपच्या गॅसचं शेवटचं बिल आणि जोडणी बंद करणं यांनाही दोन-चार दिवस धरा.

तिसरं काम परवानग्यांचं. दोन्ही सोसायट्यांना तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर कळवा. अनेक ठिकाणी लिफ्ट ठरावीक वेळेतच मिळते आणि रविवारी सामान हलवू देत नाहीत. मोठ्या शहरांत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अवजड गाड्यांना बंदी असते, तेव्हा ट्रक किती वाजता निघेल हे कंपनीकडून पक्कं करा.

बांधाबांधीच्या दिवशी

सकाळी एक बाथरूम किंवा एक कपाट बंद करून त्यावर ‘हे न्यायचं नाही’ असा कागद चिकटवा. आत ठेवायचं ते असं : किल्ल्या, कागदपत्रं, औषधं, चार्जर, दोन दिवसांचे कपडे, चहा-साखर, दोन भांडी, बल्ब, पाना आणि झाडू. देव्हाऱ्यातले देवही इथेच. बहुतेक घरांत ते आपल्याच हातांनी नेतात आणि नव्या घरात सगळ्यांत आधी तेच ठेवतात. लहान मुलं, आजी-आजोबा आणि घरातलं मांजर त्या दिवशी नातेवाइकांकडे असलेले बरे.

एकाने आत बांधणाऱ्यांबरोबर थांबावं, दुसऱ्याने दाराशी वही घेऊन. प्रत्येक खोक्याला नंबर, आणि वरच्या नव्हे तर बाजूच्या अंगावर, कारण एकावर एक रचल्यावर वरची बाजू दिसत नाही. नंबरापुढे वस्तू आणि नव्या घरातली खोली लिहा. ‘३२, पातेली, स्वयंपाकघर’ एवढं पुरे. पलंगाचे स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी पलंगाच्याच फळीला टेपने चिकटवायला सांगा. टीव्हीच्या मागच्या वायरींचा, फर्निचरवरच्या आधीच्या ओरखड्यांचा, वीज मीटरच्या आकड्याचा आणि ट्रकच्या नंबर प्लेटचा फोटो काढून ठेवा. ड्रायव्हरचा नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये असू द्या.

आणि माणसांना पाणी, चहा, नाश्ता विचारा. तीन मजले कपाट पाठीवर घेऊन उतरणाऱ्याची मजुरी अंदाजपत्रकातल्या आकड्याच्या मानाने फार थोडी असते. बक्षीस द्यायचं असेल तर सामान उतरवून झाल्यावर, थेट त्यांच्या हातात.

सही सगळ्यांत शेवटी

ट्रकच्या आधी घरातलं कुणीतरी नव्या घरी पोहोचलेलं हवं. प्रत्येक खोलीच्या दारावर नाव चिकटवलं की ‘हे कुठे ठेवू?’ हा प्रश्न दिवसभर ऐकावा लागत नाही. पलंग आधी जोडून घ्या, माणसं निघून गेल्यावर तो कुणी जोडत नाही. काही भागांत ट्रक लागला की माथाडी म्हणवणारे येतात आणि हात न लावताही पैसे मागतात. माथाडी कायदा १९६९ चा, आणि तो खऱ्या कष्टकऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे. नोंदणीकृत कामगाराकडे मंडळाचं ओळखपत्र असतं, ते मागा. दमदाटी झाली तर ११२ वर फोन करा.

‘सामान सुस्थितीत मिळालं’ या कागदावर सही करण्याआधी वहीतले नंबर जुळवा आणि मोठी यंत्रं डोळ्यांखालून घाला. काही मोडलं असेल तर त्याच कागदावर लिहा, फोटो काढा, मग सही करा. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यातल्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

तुमची तारीख ठरली असेल, तर येता रविवार कामी लावा. माळ्यावर चढा, वॉशिंग मशीनचे बोल्ट शोधा आणि सामानाची किंमत कागदावर मांडा. उचलायला माणसं येणारच आहेत, ठरवायला मात्र दुसरं कुणी येणार नाही.