क्रोनचा विकार : निदान झाल्यावर

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर या तिघा डॉक्टरांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागास सूज व व्रण आलेल्या १४ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. वर्णानुक्रमाने क्रोन यांचे नाव आधी छापले गेले आणि तेच रोगास चिकटले.

भारतात हे निदान पुष्कळदा उशिरा होते. आतड्याचा क्षय हुबेहूब असाच दिसतो. तीच पोटदुखी, तोच ताप, तीच वजनातील घट. दुर्बिणीने पाहून व आतड्याचा तुकडा तपासूनही कित्येकदा उलगडा होत नाही, आणि मग काही महिने क्षयाची औषधे देऊन पाहावी लागतात. रुग्णास हा काळ वाया गेलासा वाटतो. परंतु ही डॉक्टरांची हयगय नव्हे. क्रोनच्या विकारावरील अनेक औषधे प्रतिकारशक्ती दडपतात. क्षय असताना ती दिली तर अनर्थ ओढवेल.

रोगाचे नाव कळताच घरात अपराध्याचा शोध सुरू होतो. कोणते खाणे बाधले? कोणाची लागण झाली? वस्तुतः हा रोग सांसर्गिक नाही, आणि तिखटाने वा चिंतेने तो उत्पन्न होत नाही. धूम्रपानाने मात्र तो बळावतो.

खरी कसोटी लागते ती बरे वाटू लागल्यावर. या विकारास भरती-ओहोटी असते. वेदना थांबल्या तरी आतला दाह धुमसत असू शकतो, म्हणून औषध सोडणे ते डॉक्टरांना विचारूनच. १९५६ च्या जूनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर याच विकारासाठी शस्त्रक्रिया झाली. त्याच नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले.