कंट्रोलर बदलण्याआधी

बाळकुमहून लॅमिंग्टन रोडला जायचं म्हणजे रिक्षानं किंवा टीएमटीनं ठाणे स्टेशन, लोकलनं दादर, तिथं गाडी बदलून ग्रँट रोड. एवढी यातायात करून नवा गेम कंट्रोलर आणावा आणि पीसीला जोडल्यावर त्यानंही जुन्यासारखंच वागावं, ही निराशा टाळता येण्यासारखी आहे. मुलं म्हणतात, रिमोट खराब झाला. घरचे म्हणतात, स्वस्तातला घेतला म्हणून. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ 2020 साली पीसीवर आला. त्यातल्या राजीनं उडी मारावी म्हणून बटण दाबलं, की तो संदेश केबल, विंडोज, मधलं एखादं सॉफ्टवेअर आणि शेवटी खेळ, असा टप्प्याटप्प्यानं जातो. तो कुठं अडतोय ते घरबसल्या शोधता येतं. त्याआधी एक रुपयाही खर्च करू नये, असं माझं ठाम मत आहे.

‘दिवा लागला म्हणजे कंट्रोलर जोडला गेला’ हा सगळ्यांत पक्का बसलेला समज. दिव्याला फक्त वीज पुरते. पॉवर बँकेसोबत किंवा चार्जिंगसाठी म्हणून मिळणाऱ्या काही केबलींत माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. कंट्रोलर चार्ज होत राहतो आणि विंडोजला तो आहे हेही कळत नाही. तपासायला विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत ‘जॉय डॉट सीपीएल’ इंग्रजी अक्षरांत टाइप करा आणि एंटर दाबा. यादीत कंट्रोलरचं नाव नसेल तर आधी केबल बदला. नाव असेल तर प्रॉपर्टीज उघडून एकेक बटण दाबा. सगळी बटणं तिथं उमटली, तर कंट्रोलर आणि केबल दोन्ही निर्दोष आहेत.

याच चाचणीतून मात्र आणखी एक गैरसमज जन्मतो. एक्सबॉक्स कंट्रोलरचे दोन्ही ट्रिगर एकदम दाबले, तर तिथली पट्टी जागची हलत नाही आणि ट्रिगर मेले असं वाटतं. ते मेलेले नसतात. ही चौकट डायरेक्टइनपुट या जुन्या पद्धतीनं पाहते आणि त्या पद्धतीत दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर, विरुद्ध दिशांना मांडलेले असतात. 2005 साली एक्सबॉक्स 360 सोबत आलेली एक्सइनपुट पद्धत त्यांना वेगवेगळं मोजते. आजचे बरेच पीसी खेळ एक्सइनपुटच समजतात. म्हणून विंडोजला दिसणारा कंट्रोलर खेळाला दिसेलच असं नाही. बाजारातल्या काही कंट्रोलरांवर या दोन पद्धतींत बदल करणारं छोटं स्विच असतं, काहींत मधलं बटण काही सेकंद दाबून ठेवावं लागतं. खोक्यातला माहितीचा कागद म्हणूनच फेकू नये.

आता सगळ्यांत जास्त छळणारी गोष्ट. मेनूत एकदा खाली दाबलं की दोन ओळी सरकतात, एका दाबात दोन उड्या बसतात. ‘बटण सैल झालं’ असं सर्रास म्हटलं जातं, पण इथं बहुधा एकच कंट्रोलर खेळाला दोनदा दिसत असतो. प्लेस्टेशनचा कंट्रोलर एक्सइनपुट बोलत नाही, म्हणून अनेक जण डीएसफोरविंडोज हे सॉफ्टवेअर घालतात. ते एक आभासी एक्सबॉक्स कंट्रोलर तयार करतं. पण खरा कंट्रोलरही जागेवर असतोच, आणि दोघांना ओळखणारा खेळ दोघांचंही ऐकतो. त्यात स्टीमची स्वतःची कंट्रोलर सोय, म्हणजे स्टीम इनपुट, चालू असेल तर गुंता आणखी वाढतो. उपाय एकच: मधला दुभाषी एकच ठेवा. स्टीमवर खेळत असाल तर डीएसफोरविंडोज पूर्ण बंद करा. ते हवंच असेल तर लायब्ररीत खेळावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या कंट्रोलर विभागात त्या खेळापुरतं स्टीम इनपुट बंद करा, आणि खरा कंट्रोलर खेळापासून झाकायला हिडहाइड वापरा.

याचंच दुसरं रूप म्हणजे कंट्रोलर शांत आणि कॅमेरा मात्र गोल गोल फिरतोय. एक्सइनपुटमध्ये चारच जागा असतात आणि एकट्यानं खेळायचे काही खेळ फक्त पहिल्या जागेकडे पाहतात. तिथं आधीच एखादं आभासी उपकरण बसलेलं असेल, तर तुमचा कंट्रोलर दुसरा खेळाडू ठरतो. जुने खेळ स्टिअरिंग व्हील किंवा जॉयस्टिकचाही अक्ष उचलतात. नको ती उपकरणं काढा, खेळ पुन्हा सुरू करा आणि मगच सेटिंगला हात लावा. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा घालून यातलं काहीच सुटत नाही.

‘स्टिक थोडी सरकते, म्हणजे ड्रिफ्ट आला.’ थोडं सरकणं निर्दोष कंट्रोलरमध्येही असतं. मायक्रोसॉफ्टनं एक्सइनपुटसाठी सुचवलेली डेडझोन, म्हणजे मध्याभोवतीची दुर्लक्षित जागा, डाव्या स्टिकला 32767 पैकी 7849 आहे, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. खेळात ती फार कमी ठेवली असेल तर आधी वाढवून पाहा. विंडोजमधलं कॅलिब्रेशन इथं फारसं कामी येत नाही, कारण एक्सइनपुटचे खेळ सहसा त्याची दखल घेत नाहीत.

वायरलेस तुटत असेल तर ब्लूटूथवर राग काढण्याआधी डोंगल कुठं आहे ते पाहा. यूएसबी 3.0 च्या उपकरणांमुळे आणि केबलींमुळे 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलनं 2012 मध्येच दाखवलं होतं. पीसीच्या मागे एक्स्टर्नल हार्ड डिस्कला खेटून लावलेलं डोंगल यूएसबी एक्स्टेन्शननं पुढे आणा. आणि जुना एक्सबॉक्स वन कंट्रोलर घेताना लक्षात ठेवा, 2013 च्या मूळ कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नाही, ते 2016 च्या आवृत्तीपासून आलं.

एवढं करूनही दुसऱ्या पीसीवर तीच स्टिक तशीच दूर सरकत असेल, तर आतले पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिकची जागा मोजणारे सेन्सर, घासले गेलेत. ते डाग देऊन बदलता येतात. नवा घ्यायचाच झाला तर चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिकचा घ्या, कारण त्यात एकमेकांवर घासून झिजणारा सेन्सर नसतो. दुकानात जाताना तुमची केबलही सोबत न्या आणि तिच्यावरच तपासून मागा.